न शिजलेल्या डाळीचा हिवाळा

थंडीचा कडाका पडला, की रामदासपेठेतल्या आमच्या जिन्यात संत्र्याच्या सालींचा वास भरून राहतो. वरच्या मजल्यावरची मुलं साली एकमेकांच्या डोळ्यांत पिळतात. समोरच्या दवाखान्यात आलेले खेड्यापाड्यांतले लोक बाहेर उन्हात बसून संत्री सोलतात आणि पेशंटपेक्षा जास्त स्वतःच खातात. सगळं नागपूर या दिवसांत गोडीत असतं. मी मात्र याच दिवसांत माझा जुना राग बाहेर काढते. लोक रजया उन्हात घालतात, तसा त्याला ऊन दाखवते, झटकते आणि घडी घालून परत ठेवून देते. त्याला कसर लागू द्यायची नाही, हा माझा नेम आहे.

निमित्त जंभेरीचं असतं. ओबडधोबड सालीचं, तोंड आंबून जाईल असं हे लिंबू. बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पण याच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कळीसकट सालीचा तुकडा, बांधल्याशिवाय आमच्याकडे संत्र्याची बाग उभी राहत नाही. वर मिरवायला संत्रं आणि खाली राबायला जंभेरी. मी दर हिवाळ्यात एका जुन्या खोक्यात माती भरून जंभेरीच्या बिया टाकते. त्या रोपांचं पुढे काही करायचं नसतं. कोणी मागितलं तर देते, नाही तर गॅलरीत वाढू देते.

परवा शेजारच्या बाई खोक्यात डोकावून म्हणाल्या, "तुमची रोपं बघा कशी हिरवीगार, आमची का हो पिवळी पडतात?" मी विचारलं, पाणी कोणतं घालता. म्हणाल्या, "बोअरिंगचं. चोवीस तास असतं ना!" मी त्यांना त्यांच्याच कुंडीच्या काठावर साचलेला पांढरा थर दाखवला. ते पाणी फरशी पुसायला ठेवा म्हटलं. नळाचं घालायचं तर बादलीत उघडं ठेवून औषधाचा वास उडू द्या. पावसाचं साठवलेलं असेल तर मग काही बघायलाच नको. आणि काहीच कळत नसेल, तर त्या पाण्यात मूठभर तुरीची डाळ शिजवून बघा. ज्या पाण्यात डाळ मेणासारखी मऊ होते, ते पाणी रोपाला चालतं. जिथे डाळ टणक राहते, तिथे रोप राहत नाही.

बाई हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे. मी काही हसले नाही.

आमचं गाव खाप्याच्या अलीकडे. कन्हान नदी तशी जवळ म्हणायची, पण बैलगाडी घेऊन पाणी आणायला निघालं की अर्धी सकाळ त्यातच जायची. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, यांचं एकत्र होतं. मोठेबाबा बाग सांभाळायचे, बोलणंचालणं, देणंघेणं बघायचे. बाबा रोपं करायचे. जंभेरीचं बी टाकायचं, रोपं वाढवायची आणि त्यांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमं तयार करायची. काटोल-कळमेश्वरकडचे बागवाले बाबांच्या कलमांसाठी यायचे. बाबांनी बांधलेला डोळा वाया जात नाही, असं लोक म्हणायचे. बाबांच्या खिशात कलमाचा एक छोटा चाकू असायचा, बोराच्या लाकडाच्या मुठीचा. तो चाकू सोडला तर या माणसाला कशाचाही गर्व नव्हता.

त्या वर्षी वाटणी झाली. जमीन निम्मी निम्मी झाली, त्यात कटकट झाली नाही. प्रश्न विहिरींचा होता. एक आंब्याखालची जुनी विहीर, जिच्यावर सगळी बाग पोसली होती. दुसरी माळावरची, त्याच उन्हाळ्यात मोठेबाबांनी उभं राहून खणून घेतलेली. तिच्यात पाणी भरपूर लागलं होतं, पण ते अजून कोणी वापरून पाहिलं नव्हतं. जुनी विहीर थोरल्याची आणि नवी धाकट्याची, असं मोठेबाबांनी सुचवलं. गावचे म्हातारे पाटील पंचांत होते. त्यांनी विचारलं, "नव्या विहिरीचं पाणी कसं हाये गा?"

मोठेबाबांनी तळहातावर तुळशीचं पान ठेवलं. "दोन्ही विहिरीचं पाणी एकच हाये. एकाच झऱ्याचं. लहान्याले फसवीन त मले देव पाहून घेवो." मग माळावरच्या विहिरीचं पाणी लोटाभर मागवलं, सगळ्यांदेखत घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "साखर!"

ती मिशी पुसण्याची लकब मला आजही दिसते. मी तेव्हा मॅट्रिकला बसण्याच्या वयाची होते, आईबरोबर दाराआड उभी होते. आईनं तोंडावरचा पदर जरा पुढे ओढला, एवढंच. आमच्याकडे नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. त्याच्याशी बाईनं तोंडानं बोलायचं नाही. काही सांगायचंच असलं तर मध्ये मूल उभं करायचं आणि त्याला सांगितल्यासारखं करून भासऱ्याच्या कानावर घालायचं. आई लग्न होऊन आल्यापासून मोठेबाबांशी एक शब्द बोलली नव्हती. त्यांचा आवाज तिला पाठ होता, तिचा आवाज त्यांना माहीत नव्हता.

लढाईचा हिवाळा होता तो. रेडिओभोवती माणसं जमायची, दिव्यांना काळे कागद लावायचे. आमच्या शेतावर मात्र वेगळीच धांदल होती. जंभेरीची फळं चिरून बिया काढायच्या, राखेत चोळायच्या, सावलीत सुकवायच्या. फार दिवस ठेवल्या की त्या मरतात, म्हणून लगेच वाफ्यांत टाकायच्या आणि वर वाळलं गवत पसरायचं. पाणी घालायचं काम माझं. झारी धरून वाफ्यांच्या मधून चालताना पायाला गार चिखल लागायचा, आणि दुपारचं ऊन पाठीवर इतकं बरं वाटायचं की काम संपूच नये. गवताखालून पहिले हिरवे कोंब दिसले तेव्हा बाबांनी मला हाक मारून दाखवले. वाटणीनंतरचं त्यांचं स्वतःचं असं ते पहिलं पीक होतं.

चार पानं फुटली आणि शेंडे करपायला लागले. आधी टोकं तांबूस झाली. मग पानं पिवळी पडली, त्यांतल्या शिरा तेवढ्या हिरव्या. बाबांना वाटलं, पाणी कमी पडतं आहे. त्यांनी पाणी वाढवलं, आणि मी वाढवलेलं पाणी मनापासून घातलं. रोपं आणखी वेगानं जळायला लागली. सकाळी वाफ्यांवर पांढरट थर दिसायचा, तो आम्ही दहिवराचा समजलो. बाबांनी जुनं शेणखत घातलं, सावली केली, सावली काढली. कोणीतरी सांगितलं म्हणून नाल्यातलं साचलेलं पाणी आणून घातलं, तर एका कडेची रोपं मातीलगत माना टाकून कुजली. गावातली पिण्याची विहीर सगळ्यांची, तिचं पाणी शेताला नेता येत नव्हतं. बाबा वाफ्याशी उकिडवे बसून मेलेली रोपं उपटायचे आणि मुळं उलटीसुलटी करून बघत राहायचे.

कलमांची गिऱ्हाइकं येऊन वाफे बघायचे, चहा प्यायचे आणि पुढल्या गावी जायचे. मग एक दिवस मोठेबाबा आले. धोतराचा सोगा हातात धरून बांधावर उभे राहिले. त्यांचे वाफे नव्हते, त्यांना फक्त बघायचं होतं. सगळं डोळे भरून बघून झाल्यावर ते म्हणाले, "लहान्या, तुह्या हाताले यश नाही राहिलं गा. काहून जीव काढतं? माह्या बागेत ये कामाले. चार लोकांसंगं तुलेबी रोजी देतो."

आणि बाबा, माझे बाबा, खाली मान घालून म्हणाले, "पाहतो दादा."

त्या संध्याकाळी त्यांनी खिशातला चाकू काढला, पुसला, एका फडक्यात गुंडाळला आणि आढ्याच्या फटीत सारून ठेवला. आई चुलीशी होती. तिनं ते पाहिलं आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं. 

पुढचे काही दिवस आई शेतातल्या झोपडीतच राहिली. उरलेल्या रोपांना डोळ्यांआड करायला ती तयार नव्हती. तिथे तिनं विहिरीच्या पाण्यात डाळ लावली. दुपार उलटून गेली, काटक्या संपल्या, डाळ काही शिजेना. पाणी चवीला जरासं मचूळ, एवढंच; तिला वाटलं डाळ जुनी असेल. त्याच दिवशी मोठेबाबांची कुसुम तिथे आली. कुसुम माझ्याहून थोडी मोठी, तिचं लग्न ठरलं होतं आणि ती सगळ्यांना सांगत हिंडत होती. तिनं गंजात, म्हणजे चुलीवरच्या पातेल्यात, डोकावून पाहिलं आणि सहज बोलून गेली, "काकू, या पाण्यात नोको लावू. माह्या मायनं लावली होती विहीर खणली तवा. शिजलीच नाही. बाबा म्हणे, कोणाले सांगू नोको."

कुसुम निघून गेली तशी आईनं गंज चुलीवरून उतरवला. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. बाबा माझ्यावरच चिडले. "दादा तुळशीवर खोटं बोलन का? पोरीसोरीच्या गोष्टी घेऊन भावाशी भांडू का मी?" पंचांकडे जायला ते तयार नव्हते. गेले असते तरी काय, मोठेबाबांनी पुन्हा पान उचललं असतं आणि पुन्हा लोटाभर पाणी प्यायले असते.

आई मला म्हणाली, "आपून कोणाले काही सांगाचं नाही. ज्याच्या तोंडानं साखर निघाली, त्याच्याच तोंडातून मीठ काढाचं."

तिनं आधी खात्री करून घेतली. गाडीनं कन्हानचं पाणी पिंपात आणवलं आणि एका कोपऱ्यातल्या रोपांना फक्त तेच घातलं. त्याच पाण्यात डाळ लावली. डाळ पळीनं ढवळेपर्यंत विरघळली. कोपऱ्यातल्या रोपांना नवी पानं फुटली, टोकापर्यंत हिरवी. मी रोज ती पानं बघून यायचे. देवळात जाऊन कोणी नवस बोलतं, तशी मी त्या रोपांपुढे उभी राहून मोठेबाबांचं वाटोळं मागायचे. मला त्याची कधीच लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

कुसुमचं लग्न माघात होतं. आमच्याकडे लग्नाचं काम भावकीत वाटून देतात. कोणाकडे पत्रावळी, कोणाकडे मांडव, कोणाकडे सरपण. लग्नघरच्या यजमानानं ज्याला जे दिलं ते त्यानं करायचं, आणि त्यात दुसऱ्यानं बोट घालायचं नाही. मोठेबाबांना चार लोकांत मन मोठं दाखवायचं होतं. ते ओट्यावरून मोठ्यांदा म्हणाले, "सैपाकाचं पाणी लहान्याच्या घरून!" भरून आणायचं काम आमचं, पण पाणी त्यांच्याच आंब्याखालच्या विहिरीचं, असं त्यांनी धरलं असणार. आईनं पदराआडून मान हलवली.

लग्नाच्या दिवशी पहाट फुटायच्या आत आम्ही दोघी माळावरच्या विहिरीवर होतो. थंडीनं दोर हाताला झोंबत होता. पाणी काचेसारखं स्वच्छ. पिंपं भरली, गाडी जुंपली, मांडवामागे नेऊन उभी केली. आचाऱ्यानं पाण्याकडे बघून पसंतीची मान डोलावली. मोठ्या चुलाणावर डाळीचे हंडे चढले.

वांग्याची भाजी झाली, भात झाला, बुंदी तर आदल्या दिवशीच झाली होती. डाळ उकळत होती, फेस येत होता, दाणे हंड्यात गोल गोल फिरत होते. आचारी दर थोड्या वेळानं एक दाणा चिमटीत धरून बघायचा आणि जाळ वाढवायचा. शेवटी त्यानं सोडा मागितला. कोठीत शोधाशोध झाली. सोड्याची पुडी आईच्या ओच्यात होती. आई भाजी निवडत होती आणि शोधणाऱ्यांना इकडे बघा, तिकडे बघा असं सांगत होती.

अक्षता पडल्या. वरपक्ष काटोलचा, सगळी तालेवार माणसं. पंगत बसली, पत्रावळी मांडल्या, मीठ वाढून झालं, लिंबाची फोड वाढून झाली. पंगत वरणासाठी थांबली. थांबलेल्या पंगतीचा एक आवाज असतो. आधी हसणं, मग खोकणं, मग कोणीतरी मोठ्यानं विचारतं की यजमान कुठे आहेत. तो आवाज वाढत गेला, आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून तो ऐकत उभी होते. त्याच्याइतकं गोड मी नंतर कुठल्या लग्नात काही ऐकलं नाही.

मोठेबाबा फेटा सावरत चुलाणाशी आले. मागून व्याही आले, आणि काय खोळंबा आहे ते बघायला काठी टेकत म्हातारे पाटीलही आले.

"काहून उशीर करून राहिला बे?" मोठेबाबा आचाऱ्यावर ओरडले.

"डाळ शिजून नाही राहिली मालक. सकाळपासून जाळ लावून राहिलो. हे पाणी कोणतं हाये?"

आई उठली. पदर हनुवटीपर्यंत ओढला. मला हातानं जवळ घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "शांता, सांग वं तुह्या मोठेबाबाले. पाणी माळावरच्या विहिरीचं हाये."

मोठेबाबांच्या तोंडाचा ताबाच सुटला. "त्या विहिरीचं? काहून आणलं ते? ते पाणी खारं हाये! त्याच्यात डाळ शिजते का कधी!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं.  आई पुन्हा मला म्हणाली, "विचार वं त्याहिले, ज्या पाण्यात डाळ नाही शिजत, त्या पाण्यात लहान्याची रोपं कशी जगतील? आन कोणाच्या हाताले यश नाही मंग?"

मी विचारलं. शब्द न् शब्द विचारला. आवाज चढवून विचारला, म्हणजे पंगतीच्या टोकालाही ऐकू जावं.

पाटील काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "तुळशीचं पान घेतलं होतं ना गा तू? आता काय म्हणलं, पुन्हा एकदा म्हण."

व्याही बघत होते. कुसुम मांडवात बाशिंग बांधून बसलेली होती. मोठेबाबांनी खाली बघत पुन्हा म्हटलं, "खारं हाये." तिसऱ्यांदा पाटलांनी विचारलं नाही, पण मी विचारलं असतं.

पाटलांनी तिथेच निवाडा दिला. आंब्याखालच्या विहिरीवर इथून पुढे धाकट्याची पाळी राहील, आणि ती कोणी अडवायची नाही. मोठेबाबांनी मान हलवली. मग आईनं मला खूण केली. आमच्या घरामागे रात्रभर मऊ होईपर्यंत शिजवलेलं वरण झाकून ठेवलेलं होतं, कन्हानच्या पाण्यातलं, पहिली पंगत उठेल इतकं. मी आणि भावकीतल्या बाया ते गंज घेऊन आलो. मोठेबाबांनी ते वरण पाहिलं, आणि आईनं सगळं आधी ठरवून तेवढ्यापुरतंच त्यांना चारचौघांत उभं केलं होतं, ते त्यांना उमगलं. कुसुमच्या लग्नाला मात्र आईनं धक्का लागू दिला नव्हता. वाढताना ती प्रत्येक पानावर थांबून विचारत होती, "आणखी वरण?"

बाबा त्या रात्री आईशी बोलले नाहीत. भावाचं पाणी असं चारचौघांत काढायला नको होतं, असं त्यांना वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी मी शेतावर गेले तर ते वाफे नव्यानं ओढत होते. जंभेरीच्या झाडावर राहिलेली उशिराची फळं त्यांनी गोळा केली होती. आंब्याखालच्या विहिरीचं पाणी पाटातून आलं, तेव्हा त्यांनी त्यात हात बुडवला आणि तसाच ठेवला. चाकू आढ्यातून खिशात कधी आला ते मला दिसलं नाही, पण खिसा पुन्हा तसाच लोंबत होता. पुढच्या वर्षी काटोलचे व्याहीच कलमं घ्यायला आले.

लोक मला म्हणतात, इतकं मिळालं तर आता राग कशाला?  रोपं पुन्हा आली. "पाहतो दादा" म्हणताना खाली गेलेली ती मान मात्र मी पाहिली होती. ती मला कोणी परत वर करून दिली नाही.

बऱ्याच वर्षांनी मोठेबाबा आजारी पडले. आईबाबा तोवर गेले होते. मोठेबाबांना आणलं ते आमच्या समोरच्याच दवाखान्यात. कुसुम लांब होती, म्हणून डब्याचं काम माझ्याकडे आलं. दात गेलेले, हात कापणारे, मिशा पांढऱ्या झालेले. मी रोज वरणभात न्यायचे, मऊ शिजवून, वर तूप घालून. ते डबा उघडायचे, वरणातला एक दाणा चिमटीत धरून दाबून बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि मगच खायचे. रोज. मी त्यांना सांगू शकले असते, की नळाचं पाणी आहे, डाळ कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन शिजवली आहे, निर्धास्त खा. मी खुर्चीवर बसून त्यांची ती चिमूट बघत राहायचे.

एकदा त्यांनी विचारलंच. दाणा चिमटीत तसाच होता. "शांता, पाणी कोणतं हाये वं हे?"

मी पदरानं तोंड पुसलं. "खा ना मोठेबाबा," म्हटलं, "साखर हाये."

त्यांनी घास तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिले. वरण लोण्यासारखं मऊ होतं.